हिरवी की चेपलेली?

मी हिरव्या नावेवर हात ठेवला आणि शेजारच्या नावेखालून एक तरुण सरपटत बाहेर आला. केसांत गवत, नाकावर चिखल... मला हसू आवरेना.

"ही घेताय?" त्यानं विचारलं.

"बहुतेक. तुम्ही?"

"मी या चेपलेलीवर टोपी ठेवलीय. बिचारीकडे कुणी बघणार नाही म्हणून."

आमच्या तळ्याकाठी विकाऊ वस्तूवर टोपी ठेवली की ती टोपीवाल्याची. मग दुसरा कुणी शब्द काढत नाही. इंगेबोर्गमावशींच्या अंगणात ओंडक्यांवर चढवलेल्या या दोनच जुन्या अॅल्युमिनियमच्या नावा उरल्या होत्या, आणि मला शनिवारच्या आत एक हवीच होती. शनिवारी मासेमारीचा हंगाम सुरू होणार होता. सात वर्षं मी थोरल्या भावाच्या, तोरवाल्डच्या, नावेत बसून त्याचे मासे जाळीत घेत आले होते. सुकाणूला मात्र तो हात लावू देत नसे. यंदा माझ्या नावेतून जाईन, असं मी भर जेवणात सांगून बसले, तर तो ठसका लागेपर्यंत हसला.

तरुणाचं नाव रुने लाहती, शाळेतला नवा गणिताचा मास्तर. हिरवी अगदी नवीकोरी दिसते, असं त्याचं मत पडलं. मला तोच ताजा रंग खटकत होता; खाली काय दडवलंय कोण जाणे. मी मावशींकडून पाण्याची नळी मागितली आणि दोन्ही नावा आतून भरायला घेतल्या. नावेत पाणी भरणारी बाई प्रथमच पाहतोय, म्हणून रुने मला चिडवत राहिला.

"थांबा की जरा," मी म्हटलं.

टप... टप... हिरवीच्या बुडातले पत्रे जोडणाऱ्या अकरा रिवेटांतून पाणी ठिबकू लागलं. चेपलेलीखालची माती मात्र कोरडी ठणठणीत. माझा चेहरा पडला; धड नाव तर त्याच्या टोपीखाली होती.

रुनेनं चेपलेलीवरची टोपी उचलली.

"दया नकोय मला," मी म्हणाले.

"दया कसली? पारख तुमची. मी तर आंधळा कौल लावला होता." त्याचे कान लाल झाले. "फक्त... पुढच्या फळीवर जागा असेल तर—"

"सुकाणू माझ्याकडे राहील."

"मी कुठे मागितलं?"

शनिवारी पहाटे धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. तोरवाल्डनं रुनेलाच विचारलं, की नाव कोण चालवणार?

"कप्तान मागे बसलीय. तिला विचारा," रुने म्हणाला आणि गळाला आमिष लावू लागला.

त्या क्षणी मला तो फार आवडला. तळ्याच्या मध्यावर मी ते सांगूनही टाकलं. तो वळला, इतका जवळ आला, की मी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला... सुकाणू सुटलं आणि नाव गरगर फिरू लागली.

"सोल्वेग, बिघडलं का काही?" तोरवाल्ड त्याच्या नावेतून ओरडला.

"काही नाही," मी म्हटलं. "माझी नाव आहे. मला हवी तशी फिरवतेय."