अर्ध्या किलोचं वजन

"हात लावू नका!"

पण ओर्पाने हात लावला होता. पितळेचं ते गुबगुबीत अर्ध्या किलोचं वजन उचलून तिने त्याच्या पोटावर अंगठाही दाबून पाहिला होता. ओरडा ऐकताच तिने ते चटका बसल्यासारखं मखमलीच्या पेटीत परत टाकलं.

बुधवारचा बाजार होता. सापारुआ बेटावर दर वर्षी लवंगा वाळत पडल्या की आंबोन शहराहून बोटीने वजनमापांचे साहेब येत. बाजारातला एकेक तराजू आपल्या प्रमाण वजनांनी तपासत आणि बरोबर असला की त्याच्या शिशाच्या टिकलीवर हातोडीने त्या वर्षाचा आकडा उमटवत. शिक्क्याची मुदत एक वर्ष. नेहमीचे म्हातारे साहेब निवृत्त झाले होते. यंदाचे नवीन होते, सडपातळ, जावाकडचे, आणि दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे.

"बोटांना घाम असतो, तेल असतं," ते आता जरा खाली आवाजात म्हणाले. "प्रमाण वजन आहे हे, बाई. बाकीच्या वजनांनी याच्याकडे बघून खरं बोलायचं असतं."

"माझ्या अंगठ्याने कितीचा फरक पडला?"

"मिलिग्रॅमचासुद्धा नाही."

"आणि ओरडलात मात्र पाच किलो!"

रांग खळखळून हसली. मासे विकणारी टान्ते मिंचे, म्हणजे अख्ख्या बाजाराची मावशी, मागून म्हणाली, "साहेब, जपून हं! आमची ही पोर शाळेत फिजिक्स शिकवते. उत्तरापुढे एकक नसलं की पोरांचा अर्धा मार्क कापते."

"असं?" साहेबांनी चष्मा वर सारला. "मग त्यांचाच अर्धा मार्क गेला. ओरडणं किलोत मोजत नाहीत."

ओर्पाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शाळेत लागल्यापासून तीन वर्षं बेटावर तिची चूक कुणी काढली नव्हती… आणि ही चूक काढली गेल्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

तिने कडेवरचा शाळेचा तराजू टेबलावर ठेवला.

"याला शिक्का लागत नाही," साहेब म्हणाले. "यावर काही विकलं जात नाही."

"यावर पोरं मोजायला शिकतात. उद्या हीच पोरं लवंगा विकणार आहेत."

ते तिच्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग हातोडी उचलली. टक्! ८४.

त्यांचं नाव प्रानोतो. दुपारी टान्तेच्या पालाखाली त्यांनी सागोची, म्हणजे माडासारख्या झाडाच्या गाभ्याच्या पिठाची, टणक वडी तशीच कोरडी चावली आणि जबडा धरला. ओर्पा हसू दाबत म्हणाली, "आधी कॉफीत बुडवा."

"किती वेळ?"

"माझी आजी म्हणायची, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू करायचं आणि आमेनला बाहेर काढायची. आधी काढली तर दात जातो, नंतर काढली तर वडी जाते."

"मला ती प्रार्थना येत नाही," प्रानोतो हसले. "सेकंदांत सांगा."

"पंचवीस."

त्यांनी घड्याळाकडे बघत वडी बुडवली. इतक्या गंभीरपणे, की टान्तेने कपाळावर हात मारला. "देवा, हा तर हिच्याहून वेडा!"

*

पुढचं वर्ष लांबलचक गेलं. ओर्पाने पोरांना मीटर शिकवला, सेकंद शिकवला, मिती शिकवल्या. सूत्र आठवत नसेल तरी दोन्ही बाजूंच्या मिती जुळतात का ते बघा, न जुळणारं सूत्र कधीच खरं नसतं, असं दरवर्षीसारखंच सांगितलं. फक्त शाळेच्या तराजूवरचा तो ८४ ती हल्ली रोज फडक्याने पुसत होती.

मग रस्त्याकडेच्या चटयांवर पुन्हा लवंगा पसरल्या, सगळ्या गावाला तो उग्र-गोड वास सुटला आणि धक्क्यावर बोट लागली.

"दोनदा फातिहा," उतरल्या उतरल्या प्रानोतो म्हणाले. ना नमस्कार, ना चमत्कार.

"काय?"

"तुमची एक प्रार्थना म्हणजे आमची फातिहा दोनदा. जरा घाईत. वडी बरोबर भिजते. आंबोनला चाळीस वेळा करून पाहिलं."

"चाळीस?" ओर्पाला हसावं की रडावं ते कळेना. "सरासरी काढलीत?"

"काढली ना. चुकीची मर्यादा एक सेकंद… आणि दोन कप कॉफी."

बाजारात ती त्यांच्या टेबलाशेजारी उभी राहून बघत होती. अर्धा किलो तपासायची वेळ आली की ते दोनशेची दोन आणि शंभराचं एक अशी तीन वजनं मांडत. पेटीतल्या पाचशेच्या खाचेवर कापड होतं.

"पाचशेचं कुठं गेलं?"

"आजारी आहे."

"काय झालंय त्याला?"

"पुढच्या वर्षी सांगेन," असं म्हणून त्यांनी नजर टाळली.

संध्याकाळी दोघं धक्क्यावर बसली. ओहोटी लागली होती. खांबांवरची ओली रेघ हळूहळू उंच राहत होती, पाणी खाली जात होतं. प्रानोतोंनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. त्यांचे उघडे हात ओर्पा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होती. बोटं लांब होती आणि डाव्या तर्जनीवर हातोडीचा जुना डाग होता.

"ओर्पा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बाई' गळून पडलं होतं. "माझ्याशी लग्न करशील?"

ओर्पाने पाण्यावर सोडलेले पाय वर ओढून घेतले.

"माझे बाबा चर्चच्या पंचांत आहेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही शुक्रवारी मशिदीत जाता. मी पोरांना पहिल्याच धड्यात सांगते, मीटरमध्ये सेकंद मिळवता येत नाहीत."

"नाहीच येत मिळवता." ते हातमोज्याची घडी घालत होते, उलगडत होते. "पण भागता येतात. मीटरला सेकंदाने भागलं की वेग मिळतो. मीटर मीटरच राहतो, सेकंद सेकंदच… आणि ही बोट चालते. तू धडा अर्धाच शिकवतेस."

तिला वाटलं, आत्ता, इथेच हो म्हणावं… पण घरी बाबा होते, आणि त्यांना न सांगता तिने आजवर साधी सहलही काढली नव्हती.

"शिक्का वर्षाचा असतो ना?" ती म्हणाली. "मुदत संपली की सांगते."

"मधे पत्र लिहू?"

"नको! पोस्टमास्तर बाबांचा मित्र आहे. पाकिटं उन्हात धरून बघतो."

प्रानोतो खळाळून हसले. तो हसरा चेहरा, मागे तांबूस पाणी, आणि मांडीवर पांढऱ्या हातमोज्यांची घडी… ओर्पाने ते सगळं नीट बघून घेतलं, वर्षभर पुरवायचं होतं म्हणून.

*

बाबांना सांगायला तिला चार महिने लागले. रविवारची सकाळ होती, चर्चहून आल्यावर बाबा वडी कॉफीत बुडवत होते.

"जावाचा? मुसलमान?"

"हो."

"आणि तू काय ठरवलंस?"

"बाबा, तो ही वडी दोन फातिहा होईस्तोवर बुडवतो. आपण एक प्रार्थना होईस्तोवर. वेळ तेवढाच लागतो. त्याने चाळीस वेळा मोजलंय."

बाबांची वडी कपातच राहिली, फुगली, विरघळून तळाला गेली. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. मग कितीतरी आठवडे घरात भांड्यांचाच काय तो आवाज. आई तेवढी मधूनच ओर्पाच्या केसांवरून हात फिरवून जाई.

आणि एके दिवशी शाळेत निघालेल्या ओर्पाला बाबांनी फाटकाशी थांबवलं. तिच्याकडे न बघता, फाटकाची कडी वरखाली करत म्हणाले, "चाळीस वेळा मोजलं म्हणालीस ना?"

"हो."

"मग येईल तेव्हा घरी आण. कॉफीला. माणूस कसा आहे ते मी माझ्या डोळ्यांनी बघेन."

त्या दिवशी ओर्पाने एकाही पोराचा अर्धा मार्क कापला नाही.

*

बोट आली त्या बुधवारी बाबांनी पांढरा सदरा घातला होता. आईने कपाटातले नक्षीचे कप काढून पुसून ठेवले. ओर्पा तराजू कडेवर घेऊन निघाली. ८४ च्या शेजारी ८५, त्याच्या शेजारी रिकामी जागा.

टेबलामागे वेगळेच साहेब बसले होते. गोल चेहऱ्याचे, घामाघूम.

"प्रानोतोसाहेब नाही आले?"

"प्रानोतो?" त्यांनी मान वर केली. "अरेरे, इथे कुणाला कळवलंच नाही वाटतं. मार्चमध्येच गेला तो. सेराम बेटाच्या दौऱ्यावर मलेरिया घेऊन आला, ताप डोक्यात चढला… आठ दिवसांत आटपलं. आईला जावाहून बोट मिळेपर्यंत इकडे मातीसुद्धा झाली."

मार्च. म्हणजे बाबा फाटकाशी उभे होते तेव्हा… ती मनात महिने मोजू लागली आणि अर्ध्यावर तिला मोजवेना.

"काय आणलंय? शाळेचा आहे होय? याला शिक्का लागत नाही हो, बाई."

तिने वाद घातला नाही.

टान्ते मिंचेने मासे तसेच टाकले, येऊन तिचा दंड धरला आणि तशीच धरून उभी राहिली.

साहेब आपल्याच नादात पेटी आवरत होते. "माणूस कामाला चोख, पण विक्षिप्त! हे बघा. दोन वर्षं हे वजन बाद करून ठेवलंय. बाद केलं तर कचेरीत जमा करावं ना? नाही! दर बेटावर सोबत न्यायचं. वापरायचं मात्र नाही." त्यांनी पाचशेच्या खाचेवरचं कापड काढलं, हातमोजा चढवून वजन वर घेतलं. "आणि कारण काय, तर हा डाग."

पितळेच्या झळाळत्या पोटावर तपकिरी, बारीक, गोल गोल रेषा उमटलेल्या होत्या. एकात एक, पाण्यातल्या वलयांसारख्या. धातूत पार मुरलेल्या. डावीकडे एक आडवी चीर होती. लहानपणी सागो कापताना ओर्पाच्या अंगठ्याला कोयता लागला होता, तिथेच.

साहेबांनी वजनांची नोंदवही उलटून तिच्यापुढे धरली. अक्षर प्रानोतोंचं होतं, लहान, सरळ.

'१७ ऑक्टोबर ८४, सापारुआ. ५०० ग्रॅम. अंगठ्याचा ठसा. फरक: आपल्या तराजूवर मोजता येत नाही. वापरू नये. पुसू नये.'

"आता सांगा! मोजता येत नाही तर वापरू नये कशाला? आणि पुसू का नये?" साहेबांनी फडक्यावर स्पिरिटचे दोन थेंब टाकले. "दोन मिनिटांत लख्ख होईल."

"थांबा."

ओर्पाने तराजू खाली ठेवला. उजवा हात पुढे केला आणि अंगठा त्या तपकिरी रेषांवर टेकवला. रेषेवर रेष, चिरेवर चीर. पितळ गार होतं. तिने अंगठा दाबून धरला, पंचवीस सेकंद, मनातल्या मनात, एका प्रार्थनेपुरता.

"अहो बाई, हात लावलात!" साहेब ओरडले.

"हो," ओर्पा म्हणाली. हा शब्द तिने वर्षभर ठेवलेला होता. "हो."

साहेबांनी एकदा वजनाकडे पाहिलं, एकदा तिच्या अंगठ्याकडे, आणि मग पुष्कळ वेळ तिच्या चेहऱ्याकडे. त्यांनी फडकं खाली ठेवलं, खिशातलं पेन काढलं.

"काय लिहू?"

"आजची तारीख घाला," ती म्हणाली. "बाकी तेच."