पंधरा मिनिटं हलायचं नाही

नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता. दुपारी अडीच वाजता रायपूरच्या तात्यापाऱ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं, आणि हा माणूस कासवाच्या पाठीसारखं काहीतरी काखोटीला मारून ‘दिवाकर सीट कव्हर’मध्ये शिरला.

“हे जरा कापून देता का?”

अनुश्रीनं ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. कडक फोम, वरून काळी टेप. “कोणाचं आहे? आजीच्या कमरेचं?”

“माझं आहे.”

“अरे देवा! या वयात?”

तो हसला, आणि हसताना याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटतो हे अनुश्रीच्या लक्षात आलं. असलं काही लक्षात यायला लागलं की माणसानं सावध व्हावं. पण सव्विसाव्या वर्षी कोण सावध होतं?

नाव विहंग. घर बूढापाऱ्यात, राहणं मात्र कोइंबतूरला. काम... रेसची गाडी चालवणं.

“रेस तर दहा मिन्टात संपते. त्याले गादी काहून लागते?”

“आमची चोवीस तास चालते. एक गाडी, तीन ड्रायव्हर, दोन-दोन तासांची पाळी.”

“म्हणजे रायपूर-पुणे ट्रॅव्हल्स.”

“तसंच. फक्त आम्ही जेवायले थांबत नाही.”

सीट एकच, पाठी तीन. म्हणून प्रत्येकाच्या मापाचा असा एक साचा असतो. एक जण उतरला की आपला साचा उचलून बाहेर, दुसरा आपला टाकून आत. विहंगचा साचा उत्तम होता. पण मार्चमध्ये डेंग्यू झाला आणि तो नऊ किलो उतरला. “आता त्यात मी मावत नाही, हरवतो,” तो म्हणाला. “चाळीस मिनिटं झाली की उजवा पाय माझा राहत नाही.”

हे त्यानं हसत सांगितलं, पण डोळा मिटला नाही. येत्या रविवारी कोइंबतूरला टीम त्याची परीक्षा घेणार होती. सलग दोन तास. मध्येच उतरला, तर तिसऱ्या ड्रायव्हरची जागा दुसऱ्याला. सात वर्षांची मेहनत, आणि सगळी अडकली होती कमरेमागच्या पोकळीत.

“कापून काही होत नाही,” अनुश्री म्हणाली. “नवीन करावं लागन.”

“तुम्ही केलं आहे कधी?”

“नाही. तुम्ही डेंग्यूनंतर रेस केली आहे कधी?”

आतून दिवाकररावांचं, म्हणजे तिच्या बाबांचं, शिवणयंत्र क्षणभर थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

काम ऐकायला सोपं होतं. दोन डब्यांतलं द्रव एकत्र करायचं, जाड पिशवीत ओतायचं, पिशवी सीटवर आणि पिशवीवर माणूस. फोम फुगत फुगत पाठीभोवती चढतो. पंधरा मिनिटं हलायचं नाही. असे डब्यांचे दोनच जोड त्याच्याकडे होते.

मंगळवारी विहंग त्या उकाड्यात रेसचा जाडजूड पोशाख चढवून, हातात भंगारातलं स्टिअरिंग धरून सुट्या सीटवरच्या पिशवीवर बसला. कारागीर मारोती घड्याळ घेऊन उभा. अनुश्री समोर, खांदे सरळ आहेत की नाहीत, ते पाहत. निदान स्वतःला तिनं तसंच सांगितलं होतं.

“गरम लागून राहिलं.”

“फोम तापतोच. हलू नका.”

“नाक खाजून राहिलं...”

“खाजू द्या.”

“तुम्ही खाजवून देता का?”

मारोती एकदम घड्याळात घुसला. अनुश्रीनं चिंधी घेऊन, शक्य तितक्या रुक्षपणे, त्याच्या नाकाचा शेंडा पुसला. उरलेली सात मिनिटं ती त्या चिंधीची घडी घालत आणि मोडत राहिली.

साचा देखणा निघाला. आणि बुधवारी त्यात बसून अर्धा तास होतो न होतो, तोच विहंगचा पाय बधिर!

अनुश्रीनं त्याच्या कमरेमागे हात घातला. चार बोटं सहज आत गेली. ती साच्याकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. साचा कुणा छाती पुढे काढलेल्या पैलवानाचा होता. हा माणूस तो नव्हताच.

“काल तुम्ही श्वास रोखून बसले होते?”

“रोखून नाही... थोडं पोट आत घेऊन.”

“काहून?”

तो कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही समोर उभ्या होत्या ना.”

तिला भयंकर राग यायला हवा होता. एक जोड वाया गेला होता, कोइंबतूरहून दुसरा वेळेत येणार नव्हता. “अक्कल आहे का तुमाले?” ती म्हणाली खरी, पण हसू दाबताना आवाज असा फुटला, की आतून दिवाकररावांनी विचारलं, “अनु, पाणी पायजे का?”

गुरुवारी ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. “आता मी दिसत नाही. गाडीत दीड तासानंतर बसता तसं बसा.”

फोम चढू लागला. खांदे मात्र ताठच. दोन मिनिटं गेली... तीन... हा शेवटचा जोड होता.

“विहंग,” ती हळूच म्हणाली, “भीती कशाची वाटते? खरं सांगा.”

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग... “आपटायची नाही वाटत. उतरायची वाटते. मी उतरलो, अन् माझ्यावाचून गाडी आणखी छान पळाली, तर?”

आणि बोलता बोलता त्याचे खांदे खाली आले. पाठ सैल पडली, थकलेल्या, खऱ्या माणसाची. फोमनं ती तशीच झेलली.

“मले बी वाटते,” ती मागून म्हणाली. “कोणत्याही कामाचा पहिला काप नेहमी बाबा मारतात. तुमच्या साच्याले मी मारणार आहे.” तिचा हात त्याच्या खांद्याच्या अगदी जवळ थांबला होता. हलायचं तर तिलाही नव्हतं.

रविवारी अकराला परीक्षा सुरू झाली. एक वाजून गेला. अनुश्रीचे दोन्ही हात कोपरापर्यंत गमनं माखलेले, समोर बुलेटचं सीट, आणि तेच कापड तिनं दोनदा उलटं चिकटवलं होतं. फोन वाजला. मारोतीनं धावत जाऊन स्पीकर लावला.

“दोन तास अकरा मिनिटं!” मागे इंजिनं गर्जत होती. “पाय माझाच आहे, अनु! घेतलं मले! पूर्ण सीझन! अन् ऐक... उतरलो, तर सगळे धावत आले, अन् मी तुले शोधून राहिलो. तू इथं नाही हे माहीत असून! तू मले फार आवडते. लग्नाचं आत्ताच नाही म्हणत... म्हणजे, तेच म्हणून राहिलो!”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. आणि दुकानातलं शिवणयंत्र थांबलं होतं.

“विहंग... फोन स्पीकरवर आहे.”

तो खाकरला. मग बारीक आवाजात, “नमस्कार, काका.”

दिवाकरराव चष्मा पुसत बाहेर आले. “नमस्कार. पाठ कशी आहे?”

“एकदम मस्त, काका.”

स्कूटरच्या सीटसाठी थांबलेल्या बाईंना राहवेना. “दीदी, कुछ तो बोलो, बेचारा धूप में खड़ा होगा!”

“बोल ना, पोट्टे,” दिवाकरराव म्हणाले. “काहून ताटकळत ठेवून राहिली त्याले?”

गमचे हात वर धरून, चेहरा कुठं लपवावा ते न कळून अनुश्री म्हणाली, “हव.”

“काय? इंजिनात ऐकू नाही आलं!”

“हव म्हटलं! हव, हव, हव!”

पलीकडून एकदम टाळ्या आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठला.

“हे कोण?” ती दचकली.

“टीम,” विहंग म्हणाला. “माझे ग्लोव्ह्ज निघाले नव्हते गं... इथंही स्पीकरवरच आहे.”

त्यांच्यातल्या एकालाही ‘हव’ म्हणजे ‘हो’ हे ठाऊक नव्हतं. टाळ्या मात्र कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.