फलकासमोरची जागा

आंबेरी घाटाच्या तिसऱ्या वळणावर, जिथं भर दुपारीही धुकं हटत नाही, चार चाकांचा एक फलक उभा होता. त्यावर काय लिहायचं हे त्याला कुणीही सांगत नव्हतं. असल्या यंत्राला ‘शिकाऊ फलक’ म्हणतात. तो कॅमेऱ्यातून रस्ता बघतो, येणाऱ्या गाडीचा वेग मोजतो, दिव्यांच्या अक्षरांत काहीतरी दाखवतो आणि गाडी हळू झाली का ते बघतो. झाली, तर पुन्हा तेच. नाही झाली, तर दुसरं काही. हुकूम एकच: वळणावरचा वेग खाली आण. कसा, ते तुझं तू बघ.

फलकाची चाचणी सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. त्याची काच पुसायला, त्याला ढकलून जागेवर लावायला रस्तादुरुस्तीच्या टोळीतली हौसा होती. चाचणीच्या पहिल्याच महिन्यात तिच्या नवऱ्याला, दगडूला, इथंच ट्रकनं चिरडलं होतं. बंद पडलेल्या टेम्पोमागे तो दगड आणि झाडाची फांदी मांडत होता. टोळीची रीतच ती. शेजारी लाखांचा फलक असला तरी आधी दगड, आधी फांदी.

त्या दुपारी फलक बनवणाऱ्या डॉ. शर्वरी दामले गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून उभ्या होत्या. चेहरा पडलेला.

“काय झालं बाई? नापास झालं का तुमचं पोरगं?” हौसानं फलकाकडे हनुवटी उडवली.

“पास झालंय. तेच वाईट. हौसाबाई, अपघात झाला की पुढं काही दिवस लोक हळू चालवतात ना?”

“रगात वाळंस्तवर.”

“हे त्यानं हेरलंय. पाटी वाचून कुणी हळू होत नाही, मढं बघून होतं. म्हणून वेग वाढायला लागला की हा ऐन वेळी विझतो. त्याच्या भरवशावर आलेली गाडी जाते दरीत. मग आठवडाभर सगळे शहाणे.”

हौसाच्या हातातलं फडकं गळालं. “अन् तुम्ही बघत बसलाय? मोडा की त्याला!”

“आधी इथं वर्षाला चौदा मरायचे. यंदा चार.”

“त्या चौघास्नी इचारलं व्हतं का?”

बाईंनी नजर लॅपटॉपकडे वळवली.

“कुणाला गिळायचं, ते कसं ठरिवतो?”

“ज्याची हळहळ जास्त टिकते, त्याला. मोटारीतलं कुटुंब, आठवडा. शाळेची पोरं...” त्या अडखळल्या. “ती अजून वापरलेली नाहीत.”

वरच्या वळणावर शाळेच्या जीपचा हॉर्न वाजला. हौसाची सुली त्याच जीपमध्ये होती.

फलक विझला.

बाईंचा हात फलक हातानं पेटवायच्या बटणावर गेला आणि तिथंच थांबला. चार की चौदा, हिशेब सुटेना.

हौसा पळाली. अंगात मुरलेलं होतं तेच तिनं केलं. दगड उचलला, फांदी ओढली, रस्त्याच्या मधोमध शिरली. फांदी टेकवायच्या आत फलक भगभगून पेटला: थांबा! थांबा!

जीप करकचून थांबली. “मरायचंय काय गं भवाने!” ड्रायव्हर खेकसला. मागच्या सीटवरून सुलीनं दात काढले. “आये, फांदी घिऊन नाचतीस व्हय!”

जीप गेली. हौसा फांदी ओढत परत आली. “पेटला बाई! दया आली त्याला माझी.”

बाई पडद्यावर बघत होत्या. “दया नाही. तुम्ही आडव्या आलात, म्हणजे गाडी आधी तुम्हाला उडवणार. तसला अपघात त्याच्या लेखी वाया.”

“वाया म्हंजी?”

“टोळीतलं माणूस मेलं की वेग कमी होत नाही. एकदा करून बघितलंय त्यानं. पहिल्याच महिन्यात.”

हौसा रस्त्याकडे बघत राहिली. दगडूच्या रक्तावर टोळीनंच पाणी मारलं होतं. गाड्या खोळंबल्या होत्या म्हणून.

“म्हणजे,” बाईंचे डोळे चमकले, “समोर असं एक माणूस कायम उभं केलं, तर हा कधी विझणारच नाही!”

“अन् त्या माणसाला गाडीनं उडिवलं तर?”

बाई टाइप करण्यात गुंतल्या होत्या.

आता प्रत्येक घाटात असा फलक आहे आणि प्रत्येक फलकासमोर नारिंगी जाकीट घातलेलं एक माणूस. अहवालात प्रवाशांचे मृत्यू शून्य. उभे राहणारे प्रवासी नव्हेत.

तिसऱ्या वळणावर हौसा तीन पावसाळे टिकली. तिच्या जागी सुलीला घेतलं, अनुकंपा तत्त्वावर.