उष्टा आवाज

टेलिफोन दुरुस्तीवाल्यांत त्याला सगळे कानसेन म्हणत. तारेवरची नुसती खरखर ऐकून तो सांगे, कुठं पाणी शिरलंय आणि कुठं उंदरानं कुरतडलंय. त्याची दुसरी ख्याती म्हणजे किळस. दुसऱ्याचा रिसीव्हर तो तसाच कधी कानाला लावायचा नाही. आधी खिशातली स्पिरिटची बाटली, मग कापसाचा बोळा, मग रिसीव्हर. "माणूस बोलतो म्हणजे थुंकतोच," तो म्हणायचा, "तुम्हाला दिसत नाही इतकंच." बरोबरचे लोक हसायचे आणि मुद्दाम आपला अर्धा प्यालेला चहा त्याच्यापुढं करायचे.

अशा माणसाच्या वाट्याला सरसाचा कारखाना यावा, हाही एक योगच.

हाडं, खुरं, कातड्याचे तुकडे शिजवून शिजवून तिथं लाकूड चिकटवायचा सरस काढत. वास फाटकाबाहेरच गाठायचा आणि घशात मागच्या बाजूला जाऊन बसायचा. जिन्याचा कठडा चिकट, दाराची मूठ चिकट, ऑफिसातल्या कॅलेंडरची पानंसुद्धा एकमेकांना धरून बसलेली. मॅनेजरबाई तिथं इतकी वर्षं होत्या की त्यांना वास येतच नव्हता. टेबलावर डबा उघडून त्या खुशाल जेवत होत्या.

काम तसं साधं होतं. कारखान्यातले जुने फोन जागच्या जागी ठेवायचे, त्यांच्यामागचं जुनं एक्स्चेंज भंगारात काढायचं आणि तिथं गेटवे बसवायचा. गेटवे म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा काळा डबा. एका अंगाला जुन्या फोनच्या तांब्याच्या तारा येऊन मिळतात, दुसऱ्या अंगानं इंटरनेटची केबल निघते.

"आणि मधे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या बोलण्याचे बारीक बारीक तुकडे होतात. ते इंटरनेटवरून जातात आणि पलीकडं पुन्हा जोडले जातात."

"म्हणजे आमच्यासारखंच की! आधी चावून लगदा करायचा, मग चिकटवायचं." बाई घास हातात धरून आपल्याच विनोदावर हसल्या. त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

नवा डबा बसवला की पहिला फोन ताईला, हा त्याचा शिरस्ता होता. ताई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, आणि घरातला जुना फोन काढू द्यायची नाही.

"ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय की, अगदी स्वच्छ. जेवलास?"

"इथं? या वासात?"

"काहीतरी खाऊन घे बाबा."

"खातो. ठेवतो आता."

डब्यावर प्रत्येक फोनसाठी एक बारीक दिवा होता. कुणी रिसीव्हर उचलला की तो लागायचा. ताईचा फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, शेवटचा दिवा लागलेलाच आहे.

"ही मागच्या शेडची लाइन," बाई तार बघून म्हणाल्या. "पण ती शेड बंद असते. नवा बॉयलर आल्यापासून तिकडं कुणी फिरकत नाही."

त्यानं आपला तपासणीचा रिसीव्हर त्या लाइनला जोडला. नुसती हलकी सरसर. ही सरसर खोटी असते हे त्याला ठाऊक होतं. कुणी बोलत नसलं की लाइन मेली असं वाटू नये, म्हणून डबा स्वतःच ती भरतो. त्यानं ती बंद केली.

त्या सरसरीखाली कुणीतरी चावत होतं.

सावकाश. घाई अजिबात नाही. दात असल्याचा आवाज नव्हता. नुसत्या हिरड्या, आणि त्यांच्यामधे काहीतरी मऊ, लाळेनं पुरतं भिजलेलं. मधेच एक घोट. मग पुन्हा पचक, पचक.

"कोण आहे?" तो म्हणाला.

चावणं थांबलं. क्षणभरानं त्याचाच आवाज परत आला: "कोण आहे?"

प्रतिध्वनी. जुनी तार आणि नवा डबा जिथं भेटतात तिथं तो येतोच, आणि तो घालवायची सोयही डब्यात असते. त्यानं ती वाढवली आणि पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर यायला बराच वेळ लागला. आवाज त्याचाच होता, पण भरल्या तोंडातून आलेला. 'कोण' आणि 'आहे' यांच्यामधे लाळेची तार ताणून तुटल्यासारखं झालं.

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला आणि स्पिरिटनं स्वतःचा कान पुसला.

बाईंनी किल्ल्या घेतल्या. शेडमधे छताच्या फटींतून दुपारचं ऊन पडलं होतं आणि जमिनीवर धुळीचा जाड थर होता. पाऊल उमटलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर आपल्या जागी नीट टांगलेला होता. फक्त त्याच्यावर धूळ नव्हती. बोलायच्या बाजूची भोकं पांढुरक्या सायीनं बुजली होती. त्यानं बोटाचं टोक लावलं. रिसीव्हर कोमट होता.

त्यानं पक्कड काढून तार तोडली. तांबं आणि त्यावरचं वेष्टण यांच्यामधून एक जाडसर थेंब हळूहळू बाहेर आला आणि लोंबत राहिला.

"सरस असेल," बाई म्हणाल्या. "इथं भिंतीसुद्धा पाझरतात."

थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला. चिकट होता खरा. पण त्याला हाडांचा वास नव्हता. सकाळी चूळ न भरलेल्या तोंडाचा वास होता.

परत आले तेव्हा तो दिवा लागलेलाच होता. त्यानं ती तार डब्यातून उपसली, तो फोन यंत्रणेतूनच काढून टाकला. दिवा गेला. त्या दिवशी घरी तो कातडं लाल होईपर्यंत अंग घासत राहिला. जेवला नाही.

पुढचे काही दिवस ताईचा फोन लागेना. कधीही लावा, लाइन बिझी. शेवटी एकदाचा लागला.

"किती वेळ बोलत असतेस गं? कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच ना. आत्ताच तर ठेवला तू."

"मी?"

"नाहीतर काय. आणि जेवताना फोन करू नये रे. तोंडात घास धरून बोलतोस, धड कळत नाही."

"काय बोललो मी?"

"तेच ते. कोण आहे, कोण आहे," ताई हसली. "मी म्हटलं, मी आहे रे. मी आहे. किती वेळा सांगायचं?"

"ताई, ऐक. फोन ठेव आणि परत उचलू नकोस. मी येईपर्यंत उचलू नकोस."

"काय झालं रे? बरा आहेस ना?"

"उचलू नकोस."

कारखाना वाटेत होता. तो धावतच जिना चढला आणि बाई नको नको म्हणत असताना डब्याची वायर खेचली. सगळे दिवे विझले. कारखान्यातले फोन एकदम मुके झाले.

"अहो, मालकांचा फोन चालू होता!"

त्यानं स्क्रू काढून झाकण उघडलं. आत सगळं कोरडं, स्वच्छ, नवंकोरं. नको असलेली एक गोष्टही नव्हती. फक्त तो वास होता. झाकण उघडताच एखाद्यानं तोंडावर श्वास सोडावा तसा आला.

तो तिथंच बादलीत ओकला. मग डबा पिशवीत कोंबून निघाला.

ताईचं दार लोटलेलं होतं.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. रिसीव्हर कानाशी. मान त्याच्यावर कलती केलेली, डोळे मिटलेले.

"आलास?" तिनं डोळे उघडले आणि गोंधळून फोनकडं पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडं. "अरे... मग हे कोण?"

त्यानं रिसीव्हर तिच्या हातातून ओढला. तो तिच्या गालाला चिकटला होता; सुटताना आवाज झाला.

त्यानं कानाला लावला नाही. लावायची गरजच नव्हती. चावणं हातभर अंतरावरूनही ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"ताई," त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, आणि घोट गिळला.

त्यानं तार भिंतीतून उपटली. प्लास्टरसकट.

खोली शांत झाली. खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ताई केस मागे सारत उठायला लागली आणि उजेड तिच्या त्या बाजूवर पडला.

कान पांढराफटक पडला होता, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा. त्याच्या घड्या नाहीशा झाल्या होत्या. चघळून चघळून गोळी व्हावी तसा गुळगुळीत. आणि वरची कड जिथं असायला हवी, तिथं नव्हती.

"ताई, हे काय... दुखत नाही तुला?"

तिनं हातानं चाचपून पाहिलं आणि पदरानं ओल टिपली.

"नाही रे," ती म्हणाली. "तू हळूच करतोस."