अर्ध्या ब्लेडची भानामती

ही गोष्ट २०१९ सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी बिंदुसरेच्या धरणातल्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पालीच्या बाजूनं बीडमध्ये येणाऱ्या वाऱ्याला नुसत्या तापलेल्या मातीचा वास असायचा. साठीच्या पुढच्या बायका त्या वर्षाची तुलना बहात्तरच्या दुष्काळाशी करत.

धनश्री बीडमध्ये लग्नाआधीच्या चौकशा करायची. मुलगा खरंच नोकरीला आहे का, मुलीचं आधीचं लग्न लपवलंय का, असली कामं. तिची जीप चालवायचे तिचे मामा परमेश्वर, एसटीतून निवृत्त झालेले. गाडी झकास चालवायचे, डोकं मात्र कायम दुसऱ्या गिअरमध्ये.

शुक्रवारी सकाळी एक तिशीतला माणूस गाठोडं घेऊन आला. हनुवटीवर तीन ताज्या जखमा, त्यांवर तुरटीचे पांढरे फराटे.

"दाढी करताना डुलकी लागली का काय?" मामांनी विचारलं.

"शहरात यायचं म्हणून आजच कोरं ब्लेड टाकलं. नवं हाय म्हणून कापतंय," तो ओशाळला. "मी भारत. लिंबागणेशच्या वरल्या अंगाला आमची मेंढरंवाल्यांची वस्ती हाय. उद्या अमावास्येला माझ्या काकूला, दगडाबाईला, वस्तीवरनं हाकलणार हायत. भानामती करती म्हणतेत."

"मग पोलिसांत जायचं. माझ्याकडे कशाला?" धनश्रीनं विचारलं.

"काकू तेच म्हणत होती. मी म्हणलं, पोलीस नको. बीडच्या ताई लग्नाच्या चौकशा करतेत, त्यांना इचारू."

त्यानं गाठोडं सोडलं. आत तीन घोंगड्या आणि तान्ह्या बाळाची एक कुंची. तिन्ही घोंगड्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापलेल्या. कुंचीही तशीच, टाळूवरून मानेपर्यंत.

"कुठल्या क्रमानं कापलं?" धनश्रीनं विचारलं.

भारतनं क्रम दाखवला. चारही वेळा भर दुपारीच कापलं होतं. धनश्रीनं चारही कापलेल्या कडा शेजारी ठेवल्या. पहिल्या घोंगडीची कड पाण्यानं कापल्यासारखी. दुसरीला थोडे तंतू सुटलेले, तिसरीला जास्त. कुंचीचं मऊ कापड तर जागोजागी ओढून फाटलेलं.

"भूत थकत चाललंय," मामा म्हणाले.

धनश्री हसली नाही. "खरं बोललात, मामा."

वस्तीवर पोचायला दुपार झाली. बाभळीच्या कुंपणांवर काळ्या घोंगड्या वाळत होत्या. लांबून वाटावं, माणसं खाली मान घालून बसलीयत. आवाज फक्त विहिरीवरच्या रहाटाचा. काठावर सत्तरीची एक बाई डोळे मिटून बसली होती. विहीर तिची, दगडाबाईची. आठ मैलांत पाणी राहिलेली तेवढी एकच.

"पाळीनं पाजते मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "ज्याची मेंढरं कमी, त्याची आधी. माझ्या सासऱ्याचा नेम हाय."

"लोक काय म्हणतात?"

"इथं डोळे मिटून बसती अन् तिकडं कापतंय, म्हणतेत." आता तिनं डोळे उघडले. "पोरी, खरं सांगू? मला बी भ्या वाटतंय. माझा डोळा लागतो अन् मीच उठून करत असंल का गं? मला मूलबाळ न्हाई. त्या लेकराची कुंची माझ्या हातानं कापली असंल, तर मला हाकला. पर आधी तपास करा."

मामांनी टोपी काढून हातात धरली.

कुंची अंजूच्या बाळाची. अंजूचा नवरा सुग्रीव वस्तीचा कारभारी. अंजू सांगू लागली.

"मी पाण्याला गेलते. लेकरू झोळीत झोपलं हुतं. आले तर कुंची दोन तुकडे, अन् लेकरू जागं. रडत न्हवतं, ताई. वर बघून हसत हुतं."

"दुपारी वस्तीवर कोण असतं?"

"आमी बाया हिरीवर. गड्यांची पाळी झाली की ते मेंढरं घिऊन डोंगराला. मागं कुणी ऱ्हात न्हाई."

"तुमचं भांडण दगडाबाईशी?" धनश्रीनं सुग्रीवला विचारलं.

"भांडण न्हाई. भ्या हाय," सुग्रीव म्हणाला. "लेकराच्या टाळूपतुर आलं, आता किती वाट बघू?"

देवऋषी तात्याबांची पांढरी दाढी छातीपर्यंत होती. दगडाबाईच्या दाराच्या चौकटीत आदल्या दिवशी त्यांना एक वस्तू सापडली होती. ती त्यांनी पानावर ठेवून दाखवली: काळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं, हळदकुंकू लावलेलं दाढीचं अर्धं ब्लेड.

"अर्धं ब्लेड बायांकडंच असतंय," ते म्हणाले. "गड्याकडं अख्खं."

"ते खरंय," अंजू म्हणाली. "मांजरसुंब्याचा लखन देतो. गोधडीची शिवण उसवायला, कोकराची नाळ कापायला. घरोघर हायत."

धनश्रीनं ते अर्धं ब्लेड मागून घेतलं. "उद्या सकाळी प्रत्येक घरानं आपापलं ब्लेड आणायचं. बायांनी अर्धं, गड्यांनी रेझरसकट दाढीचा डबा. मग ठरवा, कुणाला हाकलायचं."

मांजरसुंब्याच्या फाट्यावर, ढाब्यांच्या रांगेत लखनचं सलून होतं. भिंतीला एक फळी, तिच्यावर दोन खिळ्यांमध्ये ताणलेला शिवणाचा दोरा. वर बिजागरीवर एक पट्टी, तिच्या टोकाला ब्लेड पकडणारा चिमटा, पाठीवर वजनाची वाटी.

"हे काय सोंग?" मामा.

"मामा, कंपनीवाले पाकिटावर काय बी छापतेत. मी दोऱ्याला इचारतो," लखन म्हणाला. "ब्लेड दोऱ्यावर टेकवायचं अन् वाटीत सराफी वजनं टाकत जायचं. कोरं चांगलं ब्लेड पन्नास ग्रॅमला दोरा तोडतंय. सात-आठ दाढ्या झाल्या की शंभर. दीडशेच्या वर गेलं की गिऱ्हाईक शिव्या देतंय."

"कापतं म्हणून?"

"कोरं ब्लेड मऊ चालतंय. बोथट ब्लेड केसाला अडतं, मग गडी दाबतो अन् कातडी निघती."

"बायांना अर्धी ब्लेडं देता, ती कोरी?"

"छ्या! गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर त्याच्या म्होरं कागदातच अख्खं मोडायचं, अर्धं वस्ताऱ्यात घालायचं. बायांना जातंय ते चार-पाच दाढ्या करून दमलेलं."

शनिवारी सकाळी दगडाबाईच्या दारासमोर सगळी वस्ती जमली. लखनही फळी घेऊन आला होता. त्यानं ती मांडली.

आधी बायांची अर्धी ब्लेडं. अंजूचं एकशेवीस. दगडाबाईचं एकशेसाठ. मग चौकटीत सापडलेलं. दोऱ्याचा हलकासा आवाज झाला: पन्नास.

"कोरं!" लखन उद्गारला. "यानं केस सुदिक कापला न्हाई."

"घोंगडी तर लांबच," धनश्री म्हणाली. "म्हणजे हे नुसतं ठेवलेलं. आणि ठेवणारी बाई नव्हे. अर्धं ब्लेड वापरलेलंच मिळतं, हे इथल्या पोरीबाळींनाही माहीत आहे. ते माहीत नसलेल्या पुरुषानं कोरं ब्लेड मोडून ठेवलं."

मग गड्यांचे रेझर. सुग्रीवचं नव्वद. दुसऱ्यांचं ऐंशी, एकशेदहा. तात्याबांनी रिकामे हात दाखवले.

"भारत."

भारत हसला. "माझं कालच टाकलेलं हाय, ताई."

लखननं वजन टाकलं. शंभर. दीडशे. दोनशे. दोरा ताणून थरथरत राहिला. बायांनी पदर तोंडाशी नेले. तीनशेला तो तुटला.

"कोऱ्या ब्लेडनं माणूस इतका रक्तबंबाळ होत नाही, हे लखनकडे गेल्यावर कळलं," धनश्री म्हणाली. "या चार कडा बघा. पहिली साफ, शेवटची फाटकी. एकच ब्लेड राठ लोकरीवर घासून घासून बोथट होत गेलं. ते फेकून का दिलं नाही? दुसरं नव्हतं. पाकिटातलं शेवटचं कोरं ब्लेड मोडून चौकटीत गेलं होतं. मग काकूनं पोलिसांत जाऊ नये म्हणून माझ्याकडे शहरात यावं लागलं, तेव्हा दाढी या ब्लेडनं."

"पर भानामती भर दुपारी..." सुग्रीव अडखळला.

"पाळी झालेले गडी डोंगराला जातात, अंजूच म्हणाली. ज्याची पाळी राहिलीय तो मागं वस्तीवरच थांबतो. ज्याची मेंढरं सगळ्यांत जास्त, त्याची पाळी शेवटी. कुणाची?"

 सगळे भारतकडे बघत होते.

"मामा, डबा उपडा करा."

डब्याच्या तळातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड पडलं. धनश्रीनं ते चौकटीतल्या अर्ध्याशेजारी ठेवलं. मोडलेली कड दातादाताला जुळली.

"हे तरी टाकायचं, बे!" लखन पुटपुटला.

"कोरं हुतं," भारत म्हणाला. "टाकवलं न्हाई." मग तो काकूच्या समोर मटकन बसला. "सतरा मेंढरं मेली माझी, काकू. पाळीची वाट बघत, हिरीच्या समोर. तू डोळे मिटून बसलेली. म्हणलं, ही गेली की हीर वारसानं माझी."

"अन् लेकराची कुंची?" अंजू किंचाळली.

"झोळीतनं काढून कापली. लेकराला हात लावला न्हाई. ते माझ्याकडं बघून हसत हुतं."

दगडाबाईनं आपले दोन्ही तळहात वर करून नीट पाहिले, जणू ते तिला कुणी परत दिले होते. "मी न्हवते," ती म्हणाली. "बाई गं, मी न्हवते."

जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव ऐकल्यावर तात्याबा वस्ती सोडून गेले. नंतर शेळ्या पाळत, अंगारा देत नसत. दगडाबाईनं भारतवर तक्रार करू दिली नाही. सासऱ्याचा नेम मात्र मोडला. त्या दिवसापासून दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी आदल्या दिवशी शेवटी राहिलेल्याची. सुग्रीवनं तिच्या पायावर डोकं ठेवलं, पण दुपारी डोळे मिटून बसलेल्या तिच्याकडे बघायचं त्याला पुढं कधीच जमलं नाही. अंजूनं कुंची शिवली नाही, तशीच पेटीत ठेवली. लखनची फळी आजही सलूनच्या भिंतीवर आहे. धनश्री अजून लग्नांच्या चौकशा करते, आणि मामांनी घरी दाढी करणं सोडलं.

दगडाबाई २०२३ मध्ये वारली. पोटचं कुणी नव्हतं, म्हणून दहाव्याला डोकं भादरायला पुतण्या बसला. भर दुपार होती. सगळी वस्ती भोवती उभी होती आणि रहाट थांबलेला होता. लखननं भारतच्या डोळ्यांसमोर कोरं ब्लेड धरलं आणि कागदातच मोडलं. तेवढाच आवाज झाला. भारतनं मान खाली घातली, आणि लखनचं काम संपेपर्यंत त्यानं डोळे मिटून ठेवले.