वळचणीखालची खुंटी

"सकाळी मोजनी झाली, दुपारी जेसीबी आला," कोंडाण्याच्या ठाकरवाडीतली पारू म्हणाली. "घर हातभर हरेशशेठच्या जागंत हाय म्हनं. ताई, घर माझ्याच जागंत व्हतं, एवढं लोकान्ला दाखवा."

कर्जतच्या खासगी तपासनीस सुरभी कडू लगेच उठल्या. मदतनीस हर्षद चहा संपवून उठला.

वाडीवर घराच्या जागी माती आणि फुटकी चूल उरली होती. हद्दीची लाल खुंटी तेवढी शाबूत. खुंटीच्या बाहेरच्या अंगाला, हातभर अंतरावर, जमिनीत बारीक सरळ चर गेली होती.

"उंदरांची वाट," हर्षद म्हणाला.

"वाऱ्यापायी छप्पर कमरंएवढंच ठेवतो आमी," पारू सांगत होती. "माझा धनी गेला, तवा तिरडी बी वाकूनच बाहेर काढली."

हरेशने बोलावलेल्या खासगी मोजणीदार कमलेशने रोव्हर दाखवला. दोन मीटरची काठी, माथ्यावर उपग्रहांचे संकेत घेणारं यंत्र.

"काठी कलली तरी हे हिशेब करून टोकाची नेमकी जागा सांगतं," तो म्हणाला. "पण मी ती सोय बंद ठेवली होती. गरजच नव्हती. प्रत्येक खुंटीवर काठी सरळ उभी, पातळीचा बुडबुडा मधोमध."

शेजारची जागा घेतलेला हरेश खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मी तेव्हा लोधिवलीला होतो. एका खोपटापायी केवढा तमाशा!"

विलास पारूचा सख्खा दीर, महिन्याभरापासून हरेशचा राखणदार. तो पायाकडे बघत म्हणाला, "मी निस्ती काठी धरली. खुंटी ठोकली."

सुरभींनी सगळ्यांना खुंटीपाशी उभं केलं.

"हर्षद, ही चर पागोळ्यांनी पडलीय. म्हणजे छपराची कड इथे होती आणि खुंटी वळचणीखाली. कमरेएवढ्या छपराखाली दोन मीटरची काठी सरळ उभी राहिली कशी?"

कमलेशचा चेहरा उतरला.

"काठी कलती होती," सुरभी म्हणाल्या. "टोक वळचणीखाली, माथा बाहेर. सोय बंद असल्यामुळे यंत्राने माथ्याखालची जागा दाखवली. खरी हद्द तीच. खुंटी मात्र टोकाशी ठोकली, मीटरभर आत."

"चुकला असेल बिचारा," हरेश म्हणाला.

"चुकलेला माणूस बुडबुड्याची थाप मारत नाही. छप्पर उभं असतं तर ती थाप तिथल्या तिथे पकडली गेली असती. म्हणून दुपारीच जेसीबी."

विलास मटकन बसला. "कशी कलवायची ते शेठनीच सांगितलं, वैनी. पक्की खोली देतो म्हनले."

हरेश हसला. "घ्या तुमचा मीटर. घर कुठाय आता?"

सुरभींना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. गुन्हा नोंदवला जाईल, निकालही लागेल, पण हरेशचं म्हणणं खोटं नव्हतं.

पारूने खुंटी उपटली, चरीच्या पलीकडे खऱ्या हद्दीवर धरली आणि विलासच्या हातात दगड दिला.

"ठोक. तुजी आय ह्याच घरात बाळंत झालती. ठोक, आन् मग सांग मला, आता कुटं वाकून शिरू?"

विलास ठोकत राहिला.