मुंगीसमोरची रेष

चंद्रावरच्या तळाच्या चालनकक्षात दिगंबर हिरवे पडद्याजवळ नाक नेऊन बसले होते. पडद्यावर आकडे होते. आकड्यांच्या मागे 'मुंगी' या शोधयानाच्या कॅमेऱ्यातले विवराचे दृश्य होते, वर गडद करडे आणि उतरत खाली काळे. त्या उतरत्या छटेत पट्टे पडले होते आणि आकडे वाचायला त्रास होत होता. हिरवे ती पार्श्वभूमी दुरुस्त करायला आले होते.

"काका, आता कशाला खटाटोप?" मुंगीची चालक मंजिरी टिपणीस म्हणाली. "चार दिवस ती जागची हललेली नाही. विचारलं तर 'थांबले आहे' एवढंच सांगते. चाकं मी मोडली म्हणे. बारा वाजता लोखंडेबाई तिला सोडून द्यायच्या कागदावर सही करणार आणि माझी रवानगी पृथ्वीवर."

"तोवर आकडे तरी नीट वाच."

"पण हे पट्टे पडतात का?"

"अंधारात कॅमेऱ्याकडे छटा मोजक्याच. उजेड अडीच असला तरी तो दोन लिहिणार नाहीतर तीन. दोनाचे तीन होतात तिथं रेष दिसते. खरं तिथं काहीच नसतं."

"मग उपाय?"

"कणपेरणी. आकडा दोन की तीन हे ठरण्याआधी प्रत्येक बिंदूत कमीजास्त उजेड मिसळायचा, अगदी फासे टाकून. मग सीमेवर दोन आणि तीन विखरून पडतात आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. आमची ही रांगोळीत दोन रंगांच्या मधे असंच चिमटीनं उडवायची. शोधूनही रेष सापडायची नाही."

"म्हणजे कचरा टाकून चित्र स्वच्छ!" मंजिरी हसली. "टाका की मग इथंच."

"इथं टाकला तर रेषेवर धूळ बसेल, एवढंच. रेष यानात तयार होते. बदल मुंगीतच पाठवायला हवा."

त्यांनी तो पाठवला. पट्टे विरघळले. तेवढ्यात तळप्रमुख डॉ. इरावती लोखंडे कागद घेऊन आत आल्या.

"वा, हिरवे! छान झालं. पण हे चित्र हलतंय का?"

दृश्य खरोखरच पुढे सरकत होते.

"मंजिरी, कशाला हात लावलास?" लोखंडेबाईंनी विचारले.

मंजिरीने दोन्ही हात वर केले.

हिरव्यांनी सरकत्या दृश्यावर बोट ठेवले. "बाई, मुंगी रस्ता याच चित्रावरून शोधते ना?"

"हो."

"मग तिला ती रेष कड्याची धार वाटली. चार दिवस बिचारी नसलेल्या कड्यापुढे उभी होती. चाकं ठणठणीत आहेत."

मंजिरी हसता हसता डोळे पुसू लागली.

"ते ठीक," लोखंडेबाई म्हणाल्या, "पण आत्ता ती कुणाच्या आदेशानं चालली आहे?"

मंजिरी ओशाळली. "माझ्याच. 'वीस मीटर पुढे' असं मी तिला चार दिवसांत दीडशे वेळा सांगितलं. ते सगळं साठून राहिलं असणार."

"तीन किलोमीटर? थांबव आधी तिला!"

"थांबवते. पण बाई, ज्यासाठी तिला पाठवलं तो बर्फ त्याच दिशेला आहे. अडीच किलोमीटरवर."

लोखंडेबाईंनी कागदाची घडी केली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मग एकशे पंचविसाव्या आदेशाला थांबव."